सुट्टीच्या दिवशीचा श्वास

११ जानेवारी

प्रिय वहिनी,

आता तुला वहिनी म्हणायचं की नाही, याचा निकाल कोर्टाने दिलेला नाही. तुझं आणि दादाचं काय ते त्यांनी मिटवलं. नणंदेचं काय, हे कुणी विचारलंच नाही, म्हणून मी आपली जुनीच हाक चालू ठेवलीय. पटत नसेल तर कळव. कळवलं नाहीस तर पटलं असं धरेन.

तुझा पत्ता कुणी दिला ते विचारू नकोस. तुझ्या मैत्रीण, गणिताच्या बाई, अजूनही केस कापायला माझ्याकडेच येतात, एवढंच सांगते.

आपलं पार्लर चाललंय. 'आपलं' असंच लिहून गेले, राहू दे. तू गेल्यावर मदतीला एक बाई ठेवली. उंच आहे म्हणून सगळे तिला लांबडी म्हणतात, ती स्वतःसुद्धा. हात चांगला आहे. तोंड त्याहून चांगलं चालतं. गिऱ्हाइकाच्या कानाला जरा विसावा मिळावा म्हणून मला मध्येच ड्रायर सुरू करावा लागतो.

रंगाचं काम फार वाढलंय. हल्ली आधी केसांचा रंग पुरता उतरवून घ्यायचा आणि मग वर राखाडी नाहीतर जांभळा चढवायचा, अशी हौस आहे. ज्यांच्या आयांनी जन्मभर पांढऱ्या केसांचा धसका घेतला, त्या पोरी आता खुर्चीत बसून पांढरे करून मागतात. ते काम तुझं होतं. आता मी शिकलेय. दिवसभर ब्लीचची पावडर कालवत असते.

बाकी मी बरी आहे. थोडा खोकला आहे, हवा बदलली की होतो तसा. दादा अजून लिफ्टच्या दुरुस्तीवरच आहे आणि लिफ्टवाल्याच्या घराला अजून लिफ्ट नाही. तो पहिल्या मजल्यावर, मी तिसऱ्या. परवापरवापर्यंत जिना एका दमात चढायचे. आता दुसऱ्या वळणावर चपलेचा बंद बांधायला थांबते.

फोनच करणार होते. पण फोनवर तू अर्धं ऐकतेस आणि दीड ओळखतेस. कागद बरा.

तुझी,
धाकटी


२ फेब्रुवारी

वहिनी,

पाच वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. पत्र कसलं, तारच ती! "तुझ्या चपलांना बंद नसतात. डॉक्टरकडे जा." वहिनी म्हणू नकोस, असं मात्र त्यात कुठे नाही. दोनदा उलटसुलट करून पाहिलं.

गेले बाई, गेले. छातीचे डॉक्टर आहेत. वय फार नाही, मानेवरचे केस एका बाजूने वर चढलेत, कोणी कापले देव जाणे. ते माझी छाती ऐकत होते आणि मी त्यांची मान बघत होते. मग एका यंत्रात फुंकायला लावलं. तिथली बाई शेजारी उभी राहून ओरडत होती, "अजून, अजून, अजून, थांबू नका!" सुईणीसारखी. एकदा फुंकून झालं, मग औषध हुंगायला दिलं, थोडा वेळ बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. दुसऱ्या वेळी मलाच कळलं की वारा जास्त निघाला.

यंत्राने दोन्ही वेळेला काढलेल्या रेघा डॉक्टरांनी समोर ठेवल्या आणि म्हणाले, "हा दमा आहे."

मी म्हटलं, "या वयात? दमा लहानपणी होतो ना?"

"पुष्कळांना मोठेपणीच होतो. छातीतल्या नळ्या आतून सुजतात आणि आवळतात. औषधाने त्या मोकळ्या झाल्या, ते आत्ता तुम्हीच पाहिलंत."

दोन पंप दिलेत. निळा लागेल तेव्हा घ्यायचा, दम लागल्यावर. तपकिरी मात्र रोज सकाळ-संध्याकाळ, बरं वाटत असलं तरी. तो सूज उतरवतो आणि त्याचं काम सावकाश चालतं. घेतल्यावर चूळ भरायची. मी म्हटलं, "म्हणजे गुंता झाल्यावर ओढत बसायचं नाही, रोजच्या रोज विंचरायचं." त्यांना ते फार आवडलं. उद्यापासून सगळ्या पेशंटना हेच सांगतील बहुतेक.

"पण सवय लागते म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

"चष्म्याची लागते तशी म्हणा हवी तर. डोळे मात्र तुमचेच राहतात."

मग काम काय करता, विचारलं. पार्लर आहे, सांगितलं. तिथे काय काय वापरता, म्हणाले. मी म्हटलं, "शाम्पू, तेलं, थोडंफार रंगाचं." थोडंफार. तू तिथे असतीस तर खुर्चीखालून पाय मारला असतास.

"सुट्टीच्या दिवशी कसं वाटतं?"

"सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनाच बरं वाटतं, डॉक्टर."

ते हसले नाहीत. तेवढंच कागदावर लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. ती रेघ काही मला आवडली नाही.

दादाला सांगितलेलं नाही. आपली आत्या शेवटी शेवटी पंप घ्यायची ना, तेव्हापासून पंप म्हटलं की त्याला पुढचं सगळं दिसतं. दोन्ही पंप पार्लरमध्ये रोलर्सच्या खणात ठेवलेत.

धाकटी


१४ मार्च

वहिनी,

तुझं कार्ड मिळालं. घेतेस का, म्हणून विचारलंस. घेत होते. महिनाभर अगदी नेमाने घेतला. खोकला गेला, झोप लागायला लागली, मग मीच तपकिरी बंद केला. बरं वाटत असताना औषध कसलं घ्यायचं? निळा असतोच जवळ. कधीकधी दिवसातून बऱ्याचदा लागतो, पण ते कामाची गडबड असली की.

आणि गडबड आहेच. नाचाच्या वर्गाच्या बायकांची स्पर्धा आहे. सगळा गट एकाच चंदेरी रंगात न्यायचा, असं त्यांच्या बाईंच्या डोक्यात आलंय. एकाच दुपारी चार डोकी! त्यांना नाही म्हणायला माझं डोकं ठिकाणावर हवं होतं.

डॉक्टरांनी परत बोलावलं होतं. गेले नाही. त्या रेघेचं पुढे काय होतं, ते ऐकायला वेळ नव्हता.

रागावू नकोस. लिहिलं नसतं तर तुला कळलंही नसतं.

धाकटी


२९ मार्च

वहिनी,

अक्षर वेडंवाकडं आहे कारण पलंगावर आडवी पडून लिहितेय. घाबरू नकोस. उद्या घरी सोडणार आहेत.

त्या चार डोक्यांचा दिवस होता. एसी लावला म्हणून खिडक्या बंद. एका वाडग्यातली पावडर संपली की दुसऱ्या वाडग्यात ओतायची, असं चाललेलं. वर धुरळा उडायचा, उन्हाच्या तिरिपेत चमकायचा. छाती आवळायला लागली. मागच्या खोलीत जाऊन निळा घेतला. परत आले, परत आवळली, परत घेतला. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा काही फरकच पडेना. श्वास आत जात होता, पण बाहेर यायला जागा नव्हती. लांबडी काहीतरी मागायला आली आणि जन्मात पहिल्यांदा गप्प झाली.

"ताई, ओठ बघा तुमचे."

मला उत्तर देता आलं नाही. एक शब्द बोलायचा तर एक श्वास लागत होता आणि तेवढा शिल्लक नव्हता.

नाचाच्या बाईंनी मला उचलून स्वतःच्या गाडीत घातलं. सोबत लांबडी आणि डोक्यावर चांदीच्या कागदाच्या पट्ट्या लावलेल्या दोन बायका. तातडीच्या विभागात आम्ही अशा शिरलो तेव्हा तिथल्या नर्सला वाटलं, कुठल्यातरी नाटकातून पळून आलोय. मला मास्क लावला, वाफेतून औषध दिलं, सुई टोचली. आणि लांबडीने काय केलं असेल? दवाखान्याच्या बेसिनमध्ये त्या दोघींची डोकी धुतली. उशीर झाला असता तर केस जळले असते. पार्लरमध्ये राहिलेल्या दोघींना फोनवरून एकमेकींची धुवायला लावली. कुणाच्याही केसाला धक्का लागला नाही. धक्का काय तो मलाच बसला.

दादा कमरेच्या पट्ट्यासकट आला, हत्यारं लटकलेली. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून माझ्या छातीकडे बघत होता, लिफ्ट वर येतेय की नाही हे बघतो तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. रागावतील म्हणून मी तयारीत होते. त्यांनी नुसती खुर्ची ओढली आणि म्हणाले, "पंप कसा घेता ते दाखवा."

दाखवला. ते बघत राहिले. "अर्धं औषध जिभेला मिळालं. तिला दमा नाही."

मग प्लॅस्टिकचं एक नळकांडं आणलं. पंप त्याच्या मागच्या तोंडाला बसवायचा, दाबायचा, पुढून सावकाश श्वास ओढायचा, थोडा धरून ठेवायचा आणि मग सोडायचा. मला चारचारदा करायला लावलं. ही माझीच चूक होती, पहिल्या दिवशी करून घ्यायला हवं होतं, असंही म्हणाले. डॉक्टरच्या तोंडून हे ऐकायला मिळालं म्हटल्यावर मीही कबूल करून टाकलं, की तपकिरी बंद केला होता आणि रंगाचं काम थोडंफार नव्हतं.

"आता पुन्हा विचारतो. सुट्टीच्या दिवशी कसं वाटतं?"

मी तोंड उघडायच्या आत पायथ्याकडून दादा बोलला. "सुट्टीच्या दिवशी ही गाणं गुणगुणत जिना चढते. कामाच्या दिवशी माझ्या दाराच्या वरच्या वळणावर थांबते. बराच वेळ थांबते. मग छातीतून शिट्टी येते, ती खालपर्यंत ऐकू येते."

मी म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"दार उघडून विचारलं असतं तर तू भांडली असतीस."

खरंय. भांडलेच असते.

डॉक्टर म्हणाले, संशय पावडरीचा आहे, पण संशयावरून कुणाचा धंदा बंद करायचा नसतो, मोजून बघायचं. एक फुंकायची नळी दिली आहे, तिच्यावर आकडे आहेत. जागेपणी दिवसातून चार वेळा फुंकायचं आणि आकडा टिपायचा. आधी काही आठवडे पार्लरपासून लांब राहून, मग पार्लरमध्ये येऊन. तपकिरी पंप दोन्हीकडे तेवढाच, चुकवायचा नाही.

"घरी राहिले तर चालेल?" मी विचारलं.

"पार्लर घरापासून किती लांब आहे?"

"रस्ता ओलांडला की."

"मग नाही चालणार. तुम्ही ओलांडाल."

आता मला सांग, रस्ता ओलांडून जाता येणार नाही असं माझं कोण आहे? विचार केला तर तुझ्याशिवाय कुणी सापडेना.

येऊ का? नको असेल तर तसं लिही, मी दुसरं बघेन आणि मनात काही ठेवणार नाही. दादाला अजून बोललेले नाही.

धाकटी


९ एप्रिल

वहिनी,

"ये. मांजर आहे, डॉक्टरांना विचार." तू तारखात्यात असतीस तर बढती मिळाली असती.

विचारलं. म्हणाले, मांजराचा कधी त्रास झालाय का? मी म्हटलं, लहानपणी एक माझ्या उशीवर झोपायचं, मीच पायथ्याशी असायचे. तरी खोलीत घेऊ नका म्हणाले. नाहीतर मांजर कुठलं आणि पार्लर कुठलं, हे आकड्यांना कळायचं नाही. तेव्हा मांजराला माझ्या वतीने आधीच समजावून ठेव.

एक कागदही दिलाय, सिग्नलसारखा. हिरव्यात काय करायचं, पिवळ्यात काय, लाल झालं तर निळा किती घ्यायचा आणि न थांबता दवाखाना कसा गाठायचा. एक प्रत तुझ्या भिंतीवर लावायला आणतेय. लाल दिव्यात मी 'बरी आहे' म्हणाले तर ऐकू नकोस.

दादाला काल सांगितलं. तो माझ्या बॅगेचं चाक बसवत होता. चाक आपोआप तुटलं नव्हतं, बोलायला निमित्त हवं म्हणून मीच तोडलं होतं. कुठे जाणार विचारणार नाही, पण चाक बघतो म्हणाला होता.

मी म्हटलं, "दादा, मी वहिनीकडे जातेय."

पाना फिरत होता तो थांबला नाही. चाक घट्ट बसल्यावर म्हणाला, "किती मजले चढायचे तिथे?"

"तळमजला आहे."

"मग बरं."

एवढंच. मग आज सकाळी म्हणाला, बॅग घेऊन स्टेशनवर येतो. गाडी सुटेपर्यंत थांबणार आहे. एरवी तो कधी थांबत नाही, तुला माहीत आहे.

शनिवारी पोचते.

धाकटी


१८ जून

प्रिय वहिनी,

तुझ्याकडचे दिवस तुलाच काय सांगायचे! पण एक सांगते, जे तिथे सांगायचं राहिलं. त्या टेकडीवर तू पुढे होतीस आणि मी मागे. वर पोचल्यावर तू विचारलंस, दमलीस का? मी नाही म्हटलं. ते खरं होतं. बऱ्याच दिवसांत या प्रश्नाला मी पहिल्यांदाच खरं उत्तर दिलं, त्यामुळे माझ्याच कानांना ते ओळखू येईना. म्हणून गप्प बसले. तुला वाटलं असेल, रुसले.

आल्यावर ठरल्याप्रमाणे पार्लरमध्ये जायला लागले. पावडरीला मी हात लावायचा नाही, लांबडी काम करेल, मी नुसतं त्या खोलीत असायचं आणि फुंकायचं, आकडा अमक्याच्या खाली गेला तर सरळ बाहेर पडायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पहिल्या दिवशी काही झालं नाही. मला हर्ष झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आकडा घसरला. चौथ्या दिवशी मी दुपारीच बाहेर पडले आणि फुटपाथवर स्टूल टाकून बसले. आतून लांबडीचं बोलणं ऐकू येत होतं.

डॉक्टरांनी सगळे आकडे जोडून रेघ काढली. तुझ्याकडे असतानाची रेघ वरच्या वर, जवळजवळ सपाट. नंतरची उतरत गेलेली. समजायला शिकलेलं असायची गरज नव्हती.

"मास्क लावून केलं तर?" मी विचारलं.

"कमी त्रास होईल. पण तुमच्या छातीने या पावडरीशी वैर धरलंय. आता तिला चिमूटभरही पुरते. आणि दिवस जातील तसा दमा मुरत जाईल, मग पावडर नसली तरी राहील."

"म्हणजे पार्लर सोडायचं?"

"पावडर सोडायची. खोलीतूनच घालवायची. कात्री सोडा असं मी म्हटलेलं नाही."

तिथे मला रडू आलं. डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि रडणं संपेपर्यंत काही समजावलं नाही. मग म्हणाले, "आता एक फुंका. रडल्यावर कसं येतं तेही बघू." आकडा काही वाईट आला नाही.

तर आता असं आहे. ब्लीचचे डबे गेले. केसांवर मारायचे फवारेही गेले. लांबडीला रंगाचं कामच आवडतं, तिने चौकातलं मोठं पार्लर धरलं. जाताना माझ्या गळ्यात पडून रडली आणि रडतानाही बोलत होती. तिच्यामागे बरीच गिऱ्हाइकं गेली. नाचाच्या बाईही गेल्या, पण जाताना सांगून गेल्या की कापायला इथेच येणार. गणिताच्या बाई आहेतच. दिवसातला बराच वेळ पार्लर रिकामं असतं. पहिला आठवडा मला ते खायला उठलं. दुसऱ्या आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ दारात उभे राहिले. पावडर, सुगंध, फवारा काही नसलेलं पार्लर हवं होतं, त्यांनाही दमा आहे. नंतर त्यांनी बहिणीला आणलं. बघू. कमी झालंय हे खरं, संपलेलं नाही.

पंप आता खणात नसतो, आरशासमोर कंगव्याशेजारी असतो. गिऱ्हाईक विचारतं, मी सांगते. एकीने हळूच आपल्या पर्समधला काढून दाखवला. वहिनी, किती जणी लपवून ठेवतात गं!

काल संध्याकाळी बंद करायच्या वेळेला दादा आला. तू गेल्यापासून तो इथे पाऊल ठेवत नव्हता. केस दुसरीकडे कुठेतरी कापायचा, आणि ते दिसायचंही. खुर्चीत बसला, म्हणाला, "काप." मी टॉवेल गुंडाळला. मागचे झाले, बाजूचे झाले. पुढचे कापायला घेतले तेव्हा त्याने डोळे मिटले आणि तसाच म्हणाला, "ती कशी आहे?"

मी म्हटलं, "चांगली आहे. तिचं स्वतःचं काम आहे, मांजर आहे, माणसं आहेत. हसते."

"तुझ्याबरोबर डोंगर चढली?"

"टेकडी. मीच तिच्याबरोबर चढले."

त्याने केस झटकले, टॉवेल काढला, आरशात मागे-पुढे पाहून घेतलं. मी वाट बघत होते, की आता म्हणेल, तिला माझं विचारलं म्हणून सांग. ते तो म्हणाला नाही. म्हणाला, "तिला पत्र कधी लिहिणार आहेस?"

"उद्या."

"खाली थोडी जागा ठेव."

म्हणून इथे थांबते. सकाळीच त्याच्या दारातून आत सरकवेन. तो काय लिहील मला माहीत नाही. पाकीट त्यालाच बंद करायला सांगणार आहे, मी वाचणार नाही.

तुझी,
धाकटी


हिचा सकाळचा आकडा मी रोज बघतो. आजचा चांगला आहे. त्या दिवशी दवाखान्यात मी फार घाबरलो होतो. तू हिला ये म्हणालीस, ते मी विसरणार नाही. मी आता ठीक आहे. तूही नीट राहा.